ड्राउ घ्यावा की स्विर्फनेब्लिन?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायच्या कथाखेळाची एकच कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा, आमच्या शनिवारच्या टेबलावर मी दोन कॅरेक्टरांनी खेळलो. लेव्हल सहापर्यंत ड्राउ, म्हणजे जमिनीखाली राहणारा एल्फ, तिथून पुढे स्विर्फनेब्लिन, म्हणजे डीप नोम, जमिनीखालचाच बुटका. डीएम, म्हणजे जग चालवणारा निवेदक, तोच, सोबतचे चौघे तेच, जगही तेच. त्यामुळे अंडरडार्कमधून, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यांच्या जगातून, येणारं कॅरेक्टर करायचंय आणि या दोघांवर गाडी अडलीय, असं कोणी विचारलं की मला थोडंफार बोलता येतं. (उच्चार ड्राउ की ड्रो, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. मी ड्राउच लिहिणार.)

कागदावर दोघं वाटतात त्यापेक्षा जवळ आहेत. दोघांनाही अंधारात १२० फूट दिसतं. दोघं १९७८ मध्येच साहसकथांच्या पुस्तिकांमधून टेबलावर आले आणि १९८५ मध्ये खेळाडूंसाठी खुलेही एकाच पुस्तकातून झाले. फरक वृत्तीत आहे. खेळाचा सहनिर्माता गॅरी गायगॅक्सने ड्राउ हे नाव स्कॉटिश बोलीतून उचललं आणि जमात घडवली ती शत्रू म्हणून: कोळ्यांची राणी लोल्थ, पुजारिणींची सत्ता, घराण्यांची आपापसातली कापाकापी. डीप नोम त्याच बोगद्यांमध्ये रत्नं खणत, आवाज न करता जगणारे. ब्लिंगडेनस्टोन हे त्यांचं शहर मेंझोबेरान्झन या शहरातल्या ड्राउंनी उद्ध्वस्त केलं, एवढं सांगितलं की दोघांचं नातं कळतं.

माझी झेरीन इलिस्त्रेची पुजारीण होती. लोल्थचीच मुलगी, पण चांदण्याची आणि नाचाची देवी. घराणं सोडून वर आलेली, दोन थोरल्या बहिणींना नकोशी झालेली. हे सगळं लिहायला मला जी मजा आली ती नोमच्या वेळी आली नाही, हे आधीच कबूल करतो. ड्राउचा भूतकाळ आयता मसालेदार असतो. आई घराण्याची मेट्रन, म्हणजे सत्ताधारी प्रमुख, आहे म्हटलं की डीएमच्या हातात आठ सेशनचं कथानक येतं. बंडखोर, भला ड्राउ म्हटलं की मात्र प्रत्येकाला कादंबऱ्यांमधला दोन तलवारींचा ड्रिझ्ट आठवतो. १९८८ पासून आठवतोय. माझ्या पुजारिणीच्या हातात साधी ढाल होती, तरी पहिल्याच दिवशी मला विचारलं गेलं, "मग दोन तलवारी कुठायत?"

ड्राउबद्दल लोक कुरकुरतात ते उन्हावरून. २०१४ च्या नियमांत थेट उन्हात हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज आहे (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा), आणि "आत्ता ढग आहेत का?" हा प्रश्न मी डीएमला इतक्यांदा विचारला की तो हवामान सांगायचंच टाळायला लागला. पण २०२४ च्या नियमांत ती अट उरलेली नाही. तुमचं टेबल नव्या पुस्तकावर असेल तर तो मुद्दा सोडून द्या.

डार्कनेसचं म्हणाल तर लेव्हल पाचला हा मंत्र मिळाला तेव्हा मी खूष होतो. पहिल्याच लढाईत टाकला. त्या अंधारात ड्राउलाही दिसत नाही हे मला माहीत होतं, पण आमच्या तिरंदाजाला ते माहीत नव्हतं. तो तीन राउंड धनुष्य धरून काळ्या गोळ्याकडे बघत बसला. त्यानंतर मी तो मंत्र पळून जातानाच वापरला, आणि त्यासाठी तो खरंच चांगला आहे.

माझं मन फिरलं ते वेशीवर.

जमिनीवरच्या जगात ड्राउ गावात शिरला की प्रसंग होतोच. पहारेकरी भाला आडवा धरतो, कोणीतरी मुलाला घरात ओढतं, सराईचा मालक म्हणतो जागा नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा टेबलावर अक्षरशः शांतता पसरली होती. आमचा डीएम पहारेकऱ्यांचा आवाज फार छान काढतो, घोगरा, जरा घाबरलेला. मी झेरीनची हूड मागे सारली, तिला चांदण्यात उभं केलं आणि म्हणालो, "मला नाही, माझ्या देवीला विचार." डीएमने फासा न टाकायला लावता आत घेतलं. तो आजवरचा माझा आवडता सीन आहे.

अडचण अशी की पुढच्या गावालाही वेस होती. आणि त्याच्या पुढच्याही. डीएमने ते टाळलं असतं तर जग खोटं वाटलं असतं, आणि न टाळता दर वेळी अर्धा तास जायचा. मी फासा टाकायचो, वीसपैकी सहा यायचे, मग आमचा बार्ड, म्हणजे गाणारा गोडबोल्या, मध्ये पडायचा, मग लाच, मग वेषांतराची चर्चा. बाकीचे भडंग खात बसायचे. आमच्यात एक शांत मुलगा आहे, फायटर खेळतो. त्याच्या कॅरेक्टरची बहीण एका गावात राहत होती आणि तिला भेटायचं हे त्याने पहिल्या दिवसापासून शीटवर लिहून ठेवलं होतं. त्या गावाच्या वेशीवर आम्ही पोहोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. पहारेकरी, मी, सहा, बार्ड, लाच. साडेदहाला तिरंदाजाची शेवटची मेट्रो असते. आम्ही आवरलं. पुढच्या शनिवारी वेशीवरचा गोंधळ चिघळून मारामारी झाली आणि आम्हाला गाव सोडून पळावं लागलं. दोन आठवड्यांनी परत आलो, तेव्हा माझ्यामुळे पार्टीला बंदी होती. तो काही बोलला नाही. शीटवरची ती ओळ त्याने खोडली नव्हती एवढं मला दिसलं.

चूक ड्राउची म्हणता येणार नाही, डीएमचीही नाही. कदाचित माझी असेल. जास्त सरावलेला खेळाडू तो सीन दोन वाक्यांत आटपेल. पण ही गोष्ट नियमांच्या कुठल्याही आवृत्तीने जाणार नाही, कारण ती नियमांत नाहीच. ड्राउ घेतला की दर गावात कॅमेरा तुमच्यावर येतो, तुम्ही मागा न मागा.

झेरीनला मी इलिस्त्रेच्या एका देवळात सोडलं आणि खडा आणला. त्याचं खरं नाव गेल्डुक, पण पहिल्या सेशनला कोणीतरी खडा म्हणालं आणि तेच राहिलं. टकला, करडा, कमरेएवढा. लढताना त्याची छाप पडत नाही. खलनायक लांबलचक भाषण देतो तेव्हा ते कधीच त्याला उद्देशून नसतं, आणि एकदा डीएम आमच्या खोल्या वाटताना त्याला विसरला. ज्यांना टेबलावर जरा मिरवायला आवडतं त्यांना हे टोचेल.

खाली बोगद्यांत मात्र तो सोनं आहे. एकदा ड्राउंचा गस्तीचा जथा आला. खडा भिंतीला चिकटला. फासे पडले चार आणि सतरा, खडकात लपताना चांगला तो धरायचा. डीएम म्हणाला, शेवटची ड्राउ भिंतीवरून हात फिरवत चाललीय, तिची बोटं तुझ्या नाकापासून वीतभर लांब आहेत. मी खरोखर श्वास धरला होता. माइंड फ्लेयर या मेंदू खाणाऱ्या राक्षसाचा मानसिक झटका आला तेव्हाही पाचांत तो एकटाच शुद्धीवर राहिला, कारण जादूविरुद्ध बुद्धीच्या सेव्हला, म्हणजे बचावाच्या फाशाला, नोमला दोनदा फासा टाकता येतो. झेरीन त्या जागी लाकडासारखी उभी राहिली असती असं मला वाटतं.

एक विनोद सांगतो. डीप नोमच्या २०२२ च्या आवृत्तीत लेव्हल तीनला वेषांतराचा मंत्र मिळतो. ज्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही त्याला वेषांतर, आणि जिला प्रत्येक वेशीवर तोंड लपवायचंय तिला त्याच लेव्हलला फेअरी फायर, म्हणजे उजेड पाडणारा मंत्र.

व्यवहाराचं एवढंच की २०२४ च्या मूळ पुस्तकात ड्राउ आहे, डीप नोम नाही. तो २०२२ च्या पुस्तकातून घ्यावा लागतो, म्हणून आधी डीएमला विचारून घ्या. आणि तुमची कॅम्पेन मेंझोबेरान्झनच्याच घराण्यांच्या राजकारणात घडणार असेल तर बेलाशक ड्राउ घ्या, तिथे त्याला तोड नाही. दोघंच खेळत असाल, म्हणजे एक डीएम आणि एक तुम्ही, तरीही ड्राउ. तिथे ताटकळणारं कोणी नसतं.

चार-पाच जणांचं टेबल, वर-खाली दोन्हीकडे फिरणारी कॅम्पेन आणि रात्री घरी जायची घाई असेल, तर मी आता डीप नोमच घेईन. खडा आल्यानंतर आम्ही त्या बहिणीच्या गावी पुन्हा गेलो. पहारेकऱ्याने खाली बघितलं, "हे कोण?" म्हणाला आणि उत्तर न ऐकताच फाटक उघडलं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. बहिणीने दार उघडलं, भावाला बघून रडली, सगळ्यांना जेवायला बसवलं, आणि खडाचा हात ताटापर्यंत पोहोचत नाही हे बघून त्याच्याखाली पीठाचं उपडं टोपलं सरकवलं. बाकीचा सगळा वेळ फायटर बोलत होता.