८ एएचची एजीएम बॅटरी आणि १ ॲम्पियरचा चार्जर : काही महिन्यांच्या वापरानंतर

किक नाही, फ्युएल इंजेक्शन आणि एबीएस आहे, वापर रोजचा नाही आणि मध्येच आठ-पंधरा दिवस गाडी जागची हलत नाही. मोटरसायकलच्या बॅटरीची सगळ्यात जास्त वाट लावणारी परिस्थिती हीच. अशा गाडीत वायटीएक्स९-बीएस मापाची, १२ व्होल्ट ८ एएचची (ॲम्पियर-अवर, म्हणजे साठवणुकीची क्षमता) सीलबंद एजीएम बॅटरी (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली) आणि तिच्यासाठी १ ॲम्पियरचा ऑटोमॅटिक चार्जर ही जोडी काही महिने वापरात आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: जोडी चांगली आहे, पुन्हा हीच घेईन. पण ती टिकली याचं निम्मं श्रेय बसवण्याआधी घेतलेल्या मोजमापांना जातं. जुनी बॅटरी कशाने गेली हे न शोधता नवी बसवली, की तीही त्याच वाटेने जाते.

मोजमापाला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी न लावता दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज घ्या. चालवून आल्या आल्या घेतलेला आकडा फसवतो, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावरचा ताजा चार्ज तो वाढवून दाखवतो. एजीएमला १२.८ किंवा त्याहून जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४-१२.५ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ च्या आसपास निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाला आहे. ती बॅटरी कोणत्याही चार्जरने परत येत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

दुसरा आकडा सेल्फ मारताना घ्यायचा. इंजिन फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. उभ्या गाडीला १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फचं बटण दाबताच ६-७ वर कोसळते, डॅशबोर्डचा मीटर झोपतो, रिले टक-टक करतो, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. यात बहुधा प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं किंवा हादऱ्यांनी दोन सेलमधला जोड तुटत आलेला असतो. मात्र व्होल्टेज ११ च्या वर राहूनही सेल्फ मंद फिरत असेल तर बॅटरी निर्दोष आहे, दोष वायरीत किंवा स्टार्टर मोटरमध्ये आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर अर्थिंगची केबल उघडून तिचं टोक आणि बसायची जागा पॉलिश पेपरने घासा. अशा कितीतरी चांगल्या बॅटऱ्या विनाकारण भंगारात जातात.

आता चार्जिंग. इंजिन गरम झाल्यावर, हेडलाइट चालू ठेवून, ३,००० ते ५,००० आरपीएमला टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (इंजिनकडून येणारी वीज डीसी करून तिचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला, आणि तो सीलबंद बॅटरीला आतून सुकवून मारतो. तिच्यात पाणी भरायची सोय नसते, त्यामुळे झालेलं नुकसान कायमचं. आकडा १३ च्या खालीच रेंगाळत असेल तर घाईने स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) बदलू नका. आधी स्टेटर आणि रेक्टिफायर यांच्यामधला तीन वायरींचा कपलर उघडा. बहुतेक गाड्यांत या तिन्ही वायरी पिवळ्या असतात. पांढरं प्लॅस्टिक एका पिनभोवती तपकिरी पडलेलं, थोडं वितळलेलं आणि त्या पिनची पकड सैल झालेली दिसेल. सैल पिन तापते, तापल्यावर आणखी सैल होते, आणि तिथेच चार्जिंग अडतं. पिन बदलली की काम झालं. कपलर स्वच्छ असेल तर तिन्ही वायरींच्या प्रत्येक जोडीचा रोध मोजा. तो १ ओहमच्या आत आणि तिन्ही जोड्यांत सारखा हवा. इंजिनच्या बॉडीशी मात्र एकाही वायरीची कंटिन्युइटी (विजेचा सलग मार्ग) येता कामा नये. आली तर कॉइल जळली आहे.

चौथी तपासणी गळतीची, आणि उभ्या राहणाऱ्या गाडीत तीच सगळ्यात मोलाची. चावी बंद, निगेटिव्ह केबल काढलेली, मीटर १० ॲम्पियरच्या सॉकेटवर लावून केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये. एक-दोन मिनिटं थांबा, म्हणजे ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) झोपेल. मग वाचन घ्या. मीटर असा जोडलेला असताना चावी किंवा सेल्फ चुकूनही लावू नका, मीटरचा फ्यूज उडतो. घड्याळ आणि ईसीयूची मेमरी मिळून १-२ मिलिॲम्पियर जात असतील तर चालतं. महिन्याला पाऊण ते दीड एएच इतकंच ते नुकसान. पण अलार्म, जीपीएस ट्रॅकर किंवा थेट बॅटरीला जोडलेलं मोबाइल चार्जिंगचं सॉकेट मिळून २० मिलिॲम्पियर घेत असेल तर दिवसाला जवळपास अर्धा एएच जातो. ८ एएचची बॅटरी आठवड्याभरात निम्म्यावर येते. कोणती बॅटरी घ्यावी या चर्चेआधी ते सॉकेट चावीनंतरच्या (चावी लावल्यावरच वीज येणाऱ्या) लाइनवर किंवा रिलेवर घ्या.

निम्म्या चार्जवर पडून राहिलेल्या बॅटरीत काय होतं ते समजलं की पुढचं सगळं कळतं. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. तसंच आठवडे राहिलं तर त्याचे कडक स्फटिक होतात, ते परत विरघळत नाहीत, आणि तेवढा प्लेटचा भाग कामातून जातो. उष्णतेने स्वतःहून होणारा डिस्चार्जही वाढतो, साधारण दर १० अंश सेल्सिअसला दुप्पट. म्हणून बॅटरीचं आयुष्य उन्हाळ्यात खर्ची पडतं आणि बिंग थंडीत फुटतं.

यावर बरेच जण आठवड्यातून एकदा गाडी जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवतात. हे थांबवा. इंजिन आयडलला असताना स्टेटरचं उत्पादन कमी असतं, आणि ५५ वॉटचा हॅलोजन एकटाच साडेचार ॲम्पियर ओढतो. त्यात इंधनाचा पंप, इग्निशन आणि आत्ताच मारलेला सेल्फ. दहा मिनिटांनी बॅटरी होती त्याहून रिकामी असू शकते, शिवाय सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच.

बदली बॅटरी निवडताना कंपनीच्या नावाआधी कोड बघा. वायटीएक्स५एल-बीएस ४ एएच, वायटीएक्स७एल-बीएस ६ एएच, वायटीएक्स९-बीएस ८ एएच, वायटीएक्स१४-बीएस १२ एएच. यातलं ‘एल’ अक्षर टर्मिनलची बाजू सांगतं. ते चुकलं तर पॉझिटिव्ह केबल पोहोचत नाही, आणि ओढून-ताणून पोहोचवलेली केबल फ्रेमला घासते. वायटीएक्स९-बीएसचं माप १५० × ८७ × १०५ मिलिमीटर. १४-बीएसची लांबी-रुंदी तीच, पण उंची १४५, त्यामुळे ट्रेमध्ये बसत असली तरी सीट बसणार नाही. मापात बसत असेल तर एखादा एएच जास्त घ्यायला हरकत नाही. मोठ्या बॅटरीने स्टेटरवर ताण येतो हा गैरसमज आहे. स्टेटर तापतो तो वारंवार रिकाम्या होणाऱ्या बॅटरीने.

‘बीएस’ म्हणजे ॲसिड वेगळ्या बाटलीत येणारी. शक्य असेल तर हीच घ्या, कारण ॲसिड भरेपर्यंत तिचं वय सुरू होत नाही. कारखान्यातच ॲसिड भरून आलेली घेत असाल तर उत्पादनाची तारीख वाचा, दुकानातच मीटर लावा, आणि १२.५ च्या खाली दिसली तर परत करा. ॲसिड भरताना हातमोजे आणि चष्मा घाला. बॅटरी सपाट जागेवर ठेवून सहाही नळ्या एकाच वेळी दाबा. प्रत्येक नळीतून बुडबुडे येताहेत ना ते बघा, एखादी अडली तर बाटलीला हलक्या टिचक्या मारा. बाटली पूर्ण रिकामी झाल्यावर किमान अर्धा तास थांबूनच झाकणपट्टी लावा. यानंतर बहुतेक जण बॅटरी थेट गाडीत टाकतात. भरल्यावर ती पूर्ण चार्ज झालेली नसते. पहिला चार्ज एएचच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे इथे ०.८ ते १ ॲम्पियरने, चार-पाच तास द्या आणि काही तासांनी १२.८ टिकतंय का ते तपासा. पहिलाच चार्ज अपुरा राहिला तर बॅटरीची पूर्ण क्षमता पुढे कधीच हाती लागत नाही.

बसवताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह नंतर. काढताना उलट. पॉझिटिव्हवर पाना असताना तो फ्रेमला टेकला तर निगेटिव्ह सुटी असल्यामुळे शॉर्ट होत नाही. टर्मिनलच्या खोबणीतला चौकोनी नट खाली घसरतो आणि बोल्ट आट्यांना लागतच नाही. नटाखाली फोमचा छोटा तुकडा किंवा रबरी नळीचा काप सरकवा, नट वर उचलला जाईल. व्हॅसलीनचा हात बोल्ट आवळून झाल्यावर, बाहेरूनच. तळाचं रबर आणि वरचा पट्टा जागेवर नसेल तर हादऱ्याने प्लेटा झडतात, मग बॅटरी कितीही चांगली असो.

चार्जरमध्ये दोन गोष्टी बघायच्या: करंट आणि शेवटचं वागणं. ५ ते १० ॲम्पियरचा कारचा चार्जर ८ एएचला लावू नये, ती गरम होते, फुगते. सीटेक एक्सएस ०.८ हा ०.८ ॲम्पियरचा, बॅटरी टेंडर ज्युनियर ०.७५ चा, नोको जीनियस१ हा १ ॲम्पियरचा. याच पट्ट्यात राहा. शेवटचं वागणं घरी तपासता येतं. चार्जिंगमध्ये आकडा १४.४ च्या आसपास चढतो, मग हिरवा दिवा लागल्यावर तो १३.२ ते १३.६ वर उतरून स्थिर राहायला हवा. दिवा हिरवा होऊनही तासन्‌तास १४.४ च दिसत असेल तर तो चार्जर लावून ठेवण्यालायक नाही. निम्मी उतरलेली ८ एएच बॅटरी १ ॲम्पियरला साडेपाच-सहा तास घेते. शेवटचा टप्पा मुद्दाम संथ असतो, तो तोडू नका.

वापरातलं निरीक्षण असं. रिंगच्या टोकांची, फ्यूज असलेली वायर बॅटरीला कायमची जोडून कपलर सीटखालून बाहेर काढला आहे, त्यामुळे चार्जर लावायला साइड पॅनल उघडावं लागत नाही. ही एक सोय नसती तर चार्जर कपाटातच राहिला असता. पंधरवड्यातून एक रात्र चार्जर लावला तर सकाळचा आकडा १२.८ च्या खाली आलेला नाही आणि सेल्फच्या वेळी १०.३ च्या आसपास राहतो. सुरुवातीलाही तो तेवढाच होता. यंत्राच्या उणिवा दोन. वीज जाऊन आली की हा चार्जर स्टँडबायला जातो आणि बटण पुन्हा दाबावं लागतं, त्यामुळे वीज बेभरवशाची असेल तिथे शेवटची स्थिती लक्षात ठेवणारं मॉडेल घ्या. आणि पार झोपलेली बॅटरी तो ओळखतच नाही. असे बरेच स्मार्ट चार्जर किमान व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरू होत नाहीत. सक्तीने सुरू करण्याची सोय असलेला मिळाला तर बरं. ती किंवा सल्फेट तोडण्याची जास्त व्होल्टेजची सोय वापरताना बॅटरी गाडीतून सोडवलेली हवी, नाहीतर १५-१६ व्होल्ट थेट ईसीयूपर्यंत जातात.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा मोह वजनामुळे होतो, साधारण एक तृतीयांशावर येतं. पण खोक्यावरचा एएच पुष्कळदा शिशाच्या बॅटरीशी तुलना करून लिहिलेला असतो, खरी क्षमता त्याच्या अर्ध्याहून कमी. ट्रॅकर किंवा अलार्म असलेल्या, उभ्या राहणाऱ्या गाडीत ती लवकर रिकामी होते. शून्याच्या खालच्या तापमानात ती चार्ज करू नये. तिला सल्फेट तोडणारा चार्जरही चालत नाही, लिथियम मोड असलेला स्वतंत्र लागतो. विश्रांतीला ती १३.२-१३.३ दाखवते, १२.८ म्हणजे तिच्यासाठी तळ गाठलेला. रेग्युलेटर १४.६ च्या वर जात असेल तर ती बसवूच नका.

तूर्त तिमाहीला तीनच आकडे वहीत लिहिले जातात: सकाळचा, सेल्फचा आणि ४,००० आरपीएमचा. पहिला १२.८ वर टिकून दुसरा दर नोंदीला उतरू लागला तर बॅटरी म्हातारी होते आहे, आणि ९.६ येण्याआधीच नवीची सोय करायची. तिसरा हलला तर बॅटरीला हात लावायचा नाही, आधी तो तीन वायरींचा कपलर उघडायचा.