अकरा की बारा, साध्या की कोटेड: ॲकॉस्टिक गिटारला तारा कुठल्या घ्यायच्या

सांगलीत काय नि साताऱ्यात काय, गिटारच्या तारा बदलायची वेळ आली की पोरांचा पहिला प्रश्न तारेच्या धातूचा ठरलेला, फॉस्फर ब्रॉन्झ घेऊ का एटी-ट्वेंटी? माझं म्हणणं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी गेज म्हणजे तारेची जाडी ठरवा, मग साध्या का कोटेड (वरनं पातळ थर दिलेल्या) ते बघा, धातूचं नंतर. कारण बोटं दुखतात ती गेजमुळं, पावसाळ्यात आवाज बसतो तो गंजामुळं आणि मळामुळं, धातू आवडला नाही म्हणून कुणी गिटार सोडल्याचं मी तरी बघितलं नाही.

त्याच्याही आधी गिटार कुठली आहे ते बघून घ्या. हेडस्टॉकला (खुंट्या असतात त्या टोकाला) लांब खाचा असतील, बारीक तीन तारा नायलॉनच्या असतील आणि तारा ब्रिजवर (पोटावरच्या लाकडी पट्टीवर) गाठ मारून बांधलेल्या असतील तर ती क्लासिकल, तिला स्टीलच्या तारा अजिबात लावायच्या नाहीत. नॉर्मल टेन्शनच्या नायलॉन सेटचा सगळा मिळून ताण ४० किलोच्या आसपास, आणि स्टीलच्या १२ गेजच्या सेटचा साधारण ७४ किलो. एवढं त्या ब्रिजला झेपत नाही, आधी ब्रिजच्या मागं फुगवटा येतो आणि मग एक दिवस ब्रिज उखडून हातात. सेकंडहॅन्ड घेतली असेल तर हे नक्की तपासा, आधीच्या मालकानं काय लावून ठेवलंय याचा काही भरवसा नसतो.

आता गेज. १२ म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाड, बाकीच्या त्या हिशोबानं. १०-४७ ला एक्स्ट्रा लाइट म्हणतात, ११-५२ ला कस्टम लाइट, १२-५३ ला लाइट आणि १३-५६ ला मीडियम. गोंधळ इथंच होतो, पाकिटावर लाइट लिहिलंय म्हणून नवीन माणूस १२ उचलतो आणि घरी येऊन एफसारखी अवघड कॉर्ड धरताना रडकुंडीला येतो. शिकायला लागून थोडेच महिने झालेत त्यानं डोळे झाकून ११ घ्याव्यात. १२ पेक्षा ताण पाच-सहा किलोनं कमी पडतो, बोटाला तो फरक लगेच कळतो, आणि आवाजही फार पातळ होत नाही. १० मऊ असतात, बेंड करायला (तार ओढून सूर चढवायला) मजा येते, पण मोठ्या पोटाच्या ड्रेडनॉट गिटारवर बेस जातो आणि जोरात स्ट्रम केलं की तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) थरथरतात. भजनाला नाहीतर ग्रुपमध्ये जोरात वाजवणारा, हात बसलेला माणूस असेल तर १२ च बऱ्या. १३ च्या वाटेला उगाच जाऊ नका, गिटार तेवढी दणकट पाहिजे आणि ट्यूनिंगही खाली उतरवून वाजवत असाल तरच त्याचा उपयोग.

एक मात्र करा, तारा घ्यायच्या आधी बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून जाड तारेखालचं अंतर मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. चार निघालं तर तारा बदलून काही होणार नाही, आधी ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली करून घ्या.

कोटेडचा निर्णय आपल्याकडं तालुक्यावर आहे असं मला मनापासून वाटतं. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या पट्ट्यात हाताला घाम कमी येणाऱ्या माणसाची साधी तारही बरेच दिवस टिकते. पण महाबळेश्वर, मेढा, पाटण, कोयनानगर, इकडं शिराळा, इथं जुलैमध्ये घरातले कपडे वाळत नाहीत तिथं तारेचं काय होणार! पांढरं फडकं घेऊन पहिल्या तीन फ्रेटवर तारेच्या खालनं फिरवा, काळपट हिरवा डाग आला की समजायचं तार संपली. बारीक दोन तारांवर तर गंजाचे ठिपके येतात, बोट सरकवलं की खरखर लागते.

एलिक्झरसारख्या कंपनीच्या कोटेड तारांवर पातळ थर असतो, घाम आणि मळ वेढ्यांच्या फटीत बसत नाही म्हणून आवाज टिकतो. डॅडारिओ कंपनीची एक्सएस पण त्याच जातीची. किंमत साध्या सेटच्या दुप्पट-तिप्पट जाते, पण पावसाळी भागात साधे सेट सारखे बदलत बसण्यापेक्षा मला तोच हिशोब परवडणारा वाटतो. दोन गोष्टी आधी माहीत असू द्या, बोटाखाली जरा गुळगुळीत लागतात आणि ते सगळ्यांना आवडतंच असं नाही, आणि जाड पिकनं (तारा छेडायच्या चकतीनं) रपारप वाजवलं की पिक लागतो तिथं थराचे धागे निघायला लागतात. बोटानं वाजवणाऱ्याला कोटेड, पिकनं झोडपणाऱ्याला साध्या. साध्या घेतल्यात तर वाजवून झालं की सुक्या कापडानं तारा पुसून ठेवा, तेवढ्यानंही लई फरक पडतो.

मग राहिला धातू. एटी-ट्वेंटीत ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे नाव ब्रॉन्झ असलं तरी हे खरं तर पितळच. आवाज खणखणीत, पण ती चमक लवकर उतरते. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये साधारण ९२ टक्के तांबं, बाकी कथील आणि किंचित फॉस्फरस, आवाज जरा भरलेला आणि जास्त दिवस तसाच राहणारा. डॅडारिओनं १९७४ मध्ये हे आणलं आणि आता बहुतेक जण हेच लावतात. पण बारीक दोन तारा दोन्ही सेटमध्ये साध्या स्टीलच्याच असतात, धातूचा फरक फक्त गुंडाळलेल्या चार तारांत, हे लक्षात घेतलं की निम्मा वाद मिटतो. गिटार प्लायवूडची आणि आवाज दबका असेल तर एटी-ट्वेंटी लावून बघा, जरा उघडते. आधीच टणटणीत असेल तर फॉस्फर. सिल्क अँड स्टील नावाचा तिसरा प्रकारही आहे, ११-४७ चा, आत स्टील, त्यावर रेशमी किंवा नायलॉनचे धागे आणि वरनं चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार. एकदम मऊ, घरात बसून बोटानं वाजवायला छान, स्टेजवर मात्र आवाज पुरत नाही.

आता मिरज जवळ असल्यामुळं हमखास येणारा प्रश्न. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तारांची रिळं तिथं मिळतातच, मग तीच गिटारला का नको? बारीक दोन तारांपुरतं चालतं. सतारीच्या बाजाची, म्हणजे मुख्य सुराची, ३ नंबरची तार ०.०१२ इंचाचीच असते, स्टीलच असतं, तुटलेल्या तारेचा बॉल (टोकाची धातूची गोळी) काढून पक्का पीळ देऊन बसवला की ऐन वेळी गिटारची पहिली तार म्हणून निभावते. पीळ सैल राहिला तर सुटणार, आणि तार सुटली की थेट हातावर येते, तेव्हा तोंड लांब ठेवून हळूहळू चढवा. खालच्या जाड तारांना मात्र तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार लावायला जाऊ नका, ती नुसती एकेरी तार, गिटारला लागते ती गुंडाळलेली, सूर नीट लागणारच नाही.

युकुलेलेला स्टील लावायचंच नाही, नायलॉन किंवा फ्लोरोकार्बन. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर यांचा सेट साइज बघून घ्या आणि बॅरिटोन असेल तर दुकानात तसं स्पष्ट सांगा, तिचं ट्यूनिंगच वेगळं. मँडोलिनला आठ तारा, त्यातल्या बऱ्याचशांना बॉल नसतो, टोकाला फासा असतो, म्हणून जुनी एखादी तार खिशात टाकूनच दुकानात जा.