पोस्टग्रेसचं टेबलसॅम्पल: वेग झकास, पण ऑडिटला जपून

‘टेबलमधून कुठलेही दोनशे रेकॉर्ड काढून द्या’ ही मागणी मार्च संपला की ऑडिटरकडून हमखास येते. अंबड-सातपूरच्या कारखान्यात ती जॉबकार्डांची असते, लासलगाव-पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्याकडे हिशोबपट्ट्यांची. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यासाठी ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, टेबलसॅम्पल ही नमुना काढायची सोय आहे. क्वेरीच्या (डेटा मागणाऱ्या आज्ञेच्या) फ्रॉममध्ये टेबलच्या नावापुढे ‘टेबलसॅम्पल सिस्टम (१)’ लिहिलं की साधारण एक टक्का टेबल हाती येतं, आणि येतं ते चुटकीसरशी. गोची या वेगातच आहे.

सिस्टम पद्धत ओळी निवडत नाही, पानं निवडते. पोस्टग्रेस डेटा ८ केबीच्या पानांत ठेवतं. चिठ्ठी पडते ती पानाची, आणि निवडलेल्या पानावरच्या सगळ्या ओळी उचलल्या जातात. समजा ४० लाख पट्ट्यांचं टेबल आहे. एका पट्टीला हेडर (ओळीची अंतर्गत माहिती) धरून शंभर-सव्वाशे बाइट लागले, तर एका पानावर सुमारे ७५ पट्ट्या बसतात आणि अख्खं टेबल ५३ हजारांच्या आसपास पानांचं होतं. दोनशे पट्ट्या हव्यात म्हणून ०.००५ टक्के मागितले, तर सरासरी अडीच-तीन पानं निवडली जाणार. पट्ट्या ज्या क्रमानं टाकल्या त्याच क्रमानं सहसा पानांवर बसतात. म्हणजे नमुन्यात येणार दोन-तीन सकाळचे लिलाव: प्रत्येकात तोच बाजार, जवळपास तोच भाव, बहुधा तोच काटा. उन्हाळ कांद्याचा अख्खा हंगाम कोरा राहू शकतो. शिवाय कधी तीनशे ओळी येतील, तर कधी एकही नाही. संख्या नेमकी हवी म्हणून टीएसएम-सिस्टम-रोज हे पोस्टग्रेससोबत येणारं एक्स्टेन्शन (जोड-भाग) टाकलं तर दोनशे म्हणजे दोनशेच मिळतात, पण निवड पानांचीच. दुखणं तसंच.

टेबलसॅम्पलचीच दुसरी, बर्नुली पद्धत प्रामाणिक आहे. प्रत्येक ओळीचा कौल ती वेगळा लावते, त्यामुळे नमुना सगळ्या हंगामांत विखुरतो. त्यासाठी पूर्ण टेबल मात्र वाचावंच लागतं. संख्या इथेही हलते: दोनशे अपेक्षित असतील तर १७० किंवा २३० आल्या तरी नवल नाही. म्हणून ०.००७५ टक्के मागून तीनशेच्या आसपास ओळी घ्याव्यात आणि मग दोनशेवर आणाव्यात. इथे बरेच जण नुसतं लिमिट २०० (पहिल्या दोनशे ओळीच द्या) लावून मोकळे होतात. तसं केलं की टेबलच्या शेवटच्या पानांवरच्या, म्हणजे बहुतेक ताज्या पट्ट्या सहसा बाहेर पडतात. लिमिटच्या आधी ऑर्डर बाय रँडम, म्हणजे ओळींचा क्रम पिसणं, हवंच.

मग सरळ पूर्ण टेबलवर ऑर्डर बाय रँडम लिमिट २०० का नको? ४० लाखांपर्यंत तेच करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘सगळं टेबल सॉर्ट होतं’ ही भीती अवास्तव आहे. लिमिट असल्यामुळे पोस्टग्रेस मेमरीत फक्त दोनशे ओळींचा ढीग ठेवतं आणि बाकीच्या टाकून देतं. वाचन बर्नुलीइतकंच होतं, ओळी मोजून मिळतात. लिमिट काढलंत तरच सॉर्ट डिस्कवर जायची वेळ येते.

व्हेअरची, म्हणजे ठरावीक ओळीच घेण्याची, अट घालणाऱ्यांसाठी टेबलसॅम्पल आणखी फसवं आहे. आधी नमुना निघतो, अट मागाहून लागते. एका महिन्याच्या एक लाख पट्ट्यांतून दोनशे हव्या असतील आणि टक्का ०.००७५च ठेवलात, तर हाती सात-आठ येतील. तिथे तारखेच्या इंडेक्सवरून (झटपट शोधायच्या सूचीवरून) महिना गाळून घ्यावा आणि त्यावर ऑर्डर बाय रँडम लावावं. व्ह्यूवर (नाव देऊन ठेवलेल्या क्वेरीवर) तर टेबलसॅम्पल चालतच नाही. टेबल किंवा मटेरियलाइज्ड, म्हणजे निकाल साठवून ठेवलेला, व्ह्यूच लागतो.

टेबलसॅम्पलला जोडायचा रिपीटेबल हा भाग चांगला आहे. त्याच्या कंसात एक आकडा दिला की तोच नमुना पुन्हा निघतो, पण मधल्या काळात टेबल बदललं नसेल तरच. सकाळी लिलाव झाला, नव्या पट्ट्या पडल्या, की खात्री संपली. त्यात सिस्टम-रोजला रिपीटेबल चालत नाही. ऑडिटर महिन्यानं परत विचारणार असेल तर निवडलेले आयडी वेगळ्या टेबलमध्ये टाकून ठेवावेत. नाहीतर आयडीला एखादा ठरलेला शब्द जोडून त्याच्या एमडी५वर (मजकुरावरून निघणाऱ्या ठरावीक खुणेवर) ऑर्डर बाय करावं: जुन्या पट्ट्यांचा आपसातला क्रम कायम राहतो आणि कालावधी तारखेनं बांधला की नमुनाही तोच निघतो.

सिस्टमला चार तारे द्यायचे तर कोट्यवधी ओळींच्या टेबलवर ढोबळ सरासरी काढायला किंवा टेस्ट सर्व्हरवर थोडा डेटा न्यायला. तिथे ती खरंच उपयोगी पडते.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना टेबलसॅम्पल नाहीच. तिथे ऑर्डर बाय रँड चालतं, पण पुष्कळ जण रँडम आकडा काढून ‘आयडी त्याहून मोठा किंवा तितकाच, लिमिट १’ अशी पळवाट घेतात. ५००१ ते ५४०० या पट्ट्या रद्द करून उडवल्या असतील, तर ५४०१ नंबरची पट्टी शेजारच्यांपेक्षा ४०१ पट जास्त वेळा निघणार. आणि रँड थेट व्हेअरमध्ये लिहिलात तर तो दर ओळीला नवा आकडा काढतो, त्यामुळे सुरुवातीचेच आयडी पुन्हा पुन्हा येत राहतात. आकडा आधी व्हेरिएबलमध्ये काढून ठेवावा, आणि आलेली पट्टी त्या आकड्याचीच नसेल तर सोडून देऊन नवा आकडा घ्यावा.