मसाई पठारावरची पावसाळी दौड: मार्ग झकास, आयोजन अर्धं

नवरात्र, दिवाळी, मे महिना सोडला तर कोल्हापुरात अंबाबाईच्या मंदिराभोवतालच्या लॉजना गिऱ्हाईक कमीच. पावसाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरची दोन-तीनशे जणांची दौड या लॉजना उपयोगी पडते, फक्त बिब (धावपटूंनी छातीवर लावायचे क्रमांक) शनिवारी संध्याकाळी वाटायला हवेत. या दौडीत ते रविवारी पहाटे वाटले, म्हणून पुण्याची मंडळी रात्रभर गाडीत पेंगत आली आणि दुपारी परतली. मुक्काम बुडाला!

पठाराच्या जांभ्या कातळावर शेवाळ धरतं. रोड शूज सपशेल घसरतात, खोल खाचांचा तळवा लागतो. मार्ग दाखवणाऱ्या चुन्याच्या खुणा पावसात धुऊन जातात, धुक्यात भडक फितीच दिसतात. गारव्यात तहान कळत नाही आणि पायात गोळे येतात, तेव्हा दर अडीच किलोमीटरला पाणी, मीठ-साखर हवंच. नाश्त्याला पाकीटबंद केक? कोल्हापुरात? जवळच्या गावातल्या बचत गटाला झुणका-भाकरीची ऑर्डर देता आली असती.