सिरॅमिकची कोळसा-शेगडी: सांगलीच्या गच्चीवर नऊ महिने

नोव्हेंबरात १८ इंची कामाडो घेतला. जाड सिरॅमिकची, झाकणाची, अंड्याच्या आकाराची ही शेगडी. जपानीत कामाडो म्हणजे चूलच. विश्रामबागेतल्या घराच्या गच्चीवर ती चढवायला चार माणसं लागली. घेणार असाल तर आधी जिना बघा, सिरॅमिक आपटलं की तडा जातो.

पहिल्या दिवशी चुकलो. शेगडी फुलवायची म्हणजे वारा घालायचा, हीच सवय. खालची आणि वरची झडप सताड उघडी ठेवली आणि तापमानाचा काटा ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेला. मग झडपा लावल्या, पण तासभर आच उतरेना, कारण तापलेलं सिरॅमिक उष्णता धरून ठेवतं. कोंबडी वरून काळी, हाडाशी कच्ची. पहिला जाळ मंद ठेवायचा असतो. तो तसा न ठेवल्यामुळे झाकणाच्या कडेची नमद्याची पट्टीही एका जागी करपली. फार वाईट वाटलं.

आता कोळसा भरपूर भरतो, पण पेटवतो एकाच जागी. १२० हवे असतील तर १०० येतानाच दोन्ही झडपा बोटभर फटीवर आणतो. आच ठरते ती आत येणाऱ्या हवेवर. मोठ्या आचेवर झाकण एकदम उघडू नका. आधी दोन बोटं उचलून थांबा, नाहीतर हवा आत शिरून भडका उडतो. रॉकेल तर अजिबात नको, त्याचा वास सिरॅमिकमध्ये मुरतो. तेलात भिजवलेला कापसाचा बोळा पुरतो. वखारीतून लोणारी कोळसा आणून चाळून घेतो. चुरा आत गेला की खालची हवेची भोकं बुजतात.

मटणाची रान, म्हणजे मांडी, दही, हळद आणि कांदा-लसूण मसाल्यात रात्रभर मुरवली. निखारे आणि जाळी यांच्या मध्ये सिरॅमिकची तबकडी ठेवली. १२० वर पाच तास लागले, मध्ये एकदाही कोळसा घातला नाही. मांस हाडावरून नुसत्या बोटांनी सुटलं. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत तर इतकं उतरलं की आई म्हणाली, "चुलीवरचंच आहे रे हे." काम झाल्यावर दोन्ही झडपा बंद केल्या की विस्तव गुदमरून विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला चालतो. "आम्ही निखारे राखेत झाकायचो, तसंच की," हेही तिचंच.

हुरड्याला मात्र आगटीच हवी. आणि दोन माणसांच्या रोजच्या जेवणासाठी ही घेऊ नका, तापायलाच अर्धा तास जातो.

जुलैत तीन आठवडे बंद राहिली, तर आत बुरशी आली. शेगडी मोठ्या आचेवर रिकामीच तापवून ती बुरशी जाळून टाकली. आता थंड असताना झडपा थोड्या उघड्या ठेवतो आणि वर ताडपत्री घालतो. नवी पट्टी आणून ठेवली आहे, पाऊस उघडला की बसवीन.