गोचीड तापाची 'लस' आणि आमचा बंड्या

आमचा बंड्या देशी, तीन वर्षांचा. रोज सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरतो, त्यामुळे पावसाळ्यात कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडणं नेहमीचंच. जूनमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'टिक फीवरची लस, घरी येऊन देऊ, वर्षभराची गॅरंटी.' एका इंजेक्शनचे 1800, महिन्याच्या अंतराने तीन. रविवारी पार्किंगमध्ये आम्ही सात-आठ जण आपापली कुत्री घेऊन रांगेत उभे.

माणूस बोलायला गोड. स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बर्फ आणि बर्फात आधीच भरून आणलेल्या सिरिंज. बाटली कुठेच नाही. आमच्या डॉक्टर मॅडम रेबीजची लस देतात तेव्हा बाटली दाखवून समोर सिरिंज भरतात, बाटलीवरचं स्टिकर काढून कार्डावर चिकटवतात. याने बॉलपेनने 'टी. एफ.' लिहिलं आणि शिक्का मारला. शिक्क्यावर नाव होतं, रजिस्ट्रेशन नंबर नव्हता. हे सगळं आता सुचतंय. तेव्हा मी बंड्याचं तोंड धरून उभा होतो.

जाताना म्हणाला, "काका, आता ते गोचिडीचे महिन्याचे ड्रॉप्स बंद करा, उगाच केमिकल." पैशांपेक्षा या सल्ल्याने आमचा घात केला. मी खरंच बंद केले.

सप्टेंबरात बंड्याने जेवण सोडलं. दोन दिवसांनी सकाळी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले, नाकातून येत होते. पोटावर बारीक लाल टिपके. ताप 104.6. प्लेटलेट 31 हजार. धडधाकट कुत्र्याच्या दीड-दोन लाखांच्या वर असतात. रिपोर्टमध्ये एर्लिकिया निघाला.

"पण मॅडम, लस दिलीय," म्हणत मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. "अहो, याची लसच मिळत नाही आपल्याकडे." गोचीड तापाची कारणं वेगवेगळी: एर्लिकिया हा जिवाणू, बबेसिया हा रक्तपेशीत शिरणारा परजीवी, दोन्ही गोचिडीच्या चावण्यातून येतात, पण औषधं वेगळी. एकदा बरा झालेला कुत्राही पुन्हा आजारी पडू शकतो. गोचीड अंगावर टिकू न देणं, एवढंच हातात. त्या सिरिंजमध्ये काय होतं कोण जाणे. आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध असतं तर कोलीसारख्या जातीच्या जिवावर बेतू शकतं, असं मॅडम म्हणाल्या, आणि मला रांगेतली तिसऱ्या मजल्यावरची कोली आठवली. ती सुखरूप आहे, नशीब.

डॉक्सीसायक्लिन 28 दिवस चाललं. रिकाम्या पोटी दिलं की ओकायचा, दह्यात लपवायला मॅडमनी मनाई केलेली, मग चिकनच्या तुकड्यात. बंड्या वाचला. लसीचे 5400 गेले, उपचाराचे त्याच्या तिप्पट.

त्या माणसाला फोन केला तर म्हणतो, "काका, लस होती म्हणून वाचला!" नंतर नंबर ब्लॉक.

पशुवैद्यकाची महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असावी लागते. घरी येणाऱ्याला आधी तो नंबर विचारा. राग येऊ दे त्याला. शंका असेल तर औंधला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तिथे विचारा.

कार्डाचा फोटो मी तक्रारीला जोडला आणि ग्रुपवरही टाकला. दोघांनी आपापली कार्डं शोधून पाहिली. बाकीच्यांचं म्हणणं, आमच्या कुत्र्याला तर काही झालं नाही. बी विंगमधल्या काकूंनी रात्री फोन करून विचारलं, "तो पुन्हा कधी येणार हो? आमच्या ब्राउनीचं तिसरं इंजेक्शन राहिलंय."