जीएफएस, युरोपियन की आयकॉन : पावसाचा फुकट डेटा कुठला उचलायचा?

द्राक्षवाल्यांच्या गटासाठी किंवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी स्वतःच पावसाचा अंदाज काढायचाय, पायथन थोडंफार येतं, आणि गाडी अडलीय ती या तीन नावांवर : अमेरिकेचं जीएफएस, युरोपियन सेंटरचं आयएफएस आणि जर्मन हवामान खात्याचं आयकॉन. तिन्ही अख्ख्या पृथ्वीच्या हवामानाचा संगणकावर अंदाज काढणारी मॉडेलं, तिन्हींचा डेटा फुकट मिळतो, त्यामुळे लोक सरळ रिझोल्यूशन, म्हणजे मॉडेलची जाळी किती बारीक, ते बघून ठरवतात. माझं म्हणणं, ते शेवटी बघा, आधी हे बघा की डेटा हातात किती वाजता पडतो आणि त्यात पाऊस मोजलाय कसा.

आधी वेळ. यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि रन म्हणजे मॉडेलने एकदा केलेला अख्खा हिशेब, तेव्हा ०० यूटीसीचा रन म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचची स्थिती धरून केलेला. आयकॉन आणि जीएफएस सकाळी नऊ-दहापर्यंत बरंचसं आलेलं असतं, युरोपियनला दुपार होते. म्हणून युरोपियन उशिरा येतं, नको, असं बरेच जण म्हणतात. पण फवारणी करायची का हे शेतकरी ठरवतो सकाळी सहा-सातला, तेव्हा ०० चा रन कुणाचाच आलेला नसतो, आणि आदल्या संध्याकाळचा १२ यूटीसीचा रन रात्रीत तिन्हींचा येऊन पडलेला असतो. मग उशीर आडवा येतो कुठे? हां, त्याच दिवशी दुपारच्या वळवाची चाहूल हवी असेल तर मात्र सकाळी येणारी ही दोन बरी, आणि त्यातही जीएफएस, कारण ते पहिले १२० तास तासातासाचं देतं, दिवसातून चार वेळा, आणि प्रत्येक वेळी १६ दिवसांपर्यंत. (दहाव्या दिवसानंतरचा पाऊस ग्रुपवर टाकू नका एवढं मात्र ऐका, लोक त्यावर मजूर ठरवतात.)

आता पाऊस, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आयकॉन आणि युरोपियनमध्ये रन सुरू झाल्यापासूनची एकूण बेरीज असते, म्हणजे दोन वेळांची वजाबाकी केली की मधला पाऊस मिळाला. फक्त युरोपियनचा आकडा मीटरमध्ये येतो, ०.०१२ दिसलं तर ते १२ मिलिमीटर. जीएफएसमध्ये दर सहा तासांनी नव्याने मोजणारी बेरीज असते. मी पहिल्यांदा स्क्रिप्ट लिहिली तेव्हा सहाव्या तासाला १८, नवव्या तासाला ४, केली वजाबाकी आणि आलं उणे १४, दोन रात्री फाइल खराब आहे असंच वाटत होतं. तो ४ म्हणजे सहा ते नऊ या तीन तासांतला पाऊस होता, वजाबाकी करायचीच नव्हती.

डाउनलोडचं थोडक्यात : जीएफएसची एका वेळेची अख्खी ग्रिब (हवामानाचा डेटा साठवायचा ठरलेला प्रकार) फाइल ५०० एमबीच्या आसपास, पण सोबतच्या इंडेक्स फाइलमधून पावसाचा तुकडा नेमका कुठे आहे ते कळतं, तेवढाच उतरवायचा. युरोपियनचंही तसंच, त्यांचं तयार पायथन पॅकेजच आहे. आयकॉन प्रत्येक घटकाची वेगळी फाइल देतं, पण ती त्रिकोणी जाळीवर, अक्षांश-रेखांश वेगळ्या फाइलमध्ये, आधी ते आपल्या चौकोनी जाळीवर बसवायचं. नवख्याचा आठवडा त्यात जातो. आणि त्यांच्या सर्व्हरवर रन साधारण दिवसभरच राहतो, एक दिवस चुकला की गेला.

रिझोल्यूशन. जीएफएस आणि फुकटचं युरोपियन दोन्ही पाव अंशावर, म्हणजे दोन बिंदूंत साधारण २७ किलोमीटर. युरोपियन आधी ०.४ अंशावर होतं, फेब्रुवारी २०२४ पासून पाव अंश झालं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी सगळाच डेटा खुल्या परवान्यावर आणलाय, फक्त मूळ ९ किलोमीटरचा लाइव्ह हवा तर तो पोचवण्याचे पैसे पडतात. आयकॉन १३ किलोमीटर. पण महाबळेश्वर आणि वाई डोळ्यासमोर आणा, अंतर तीसेक किलोमीटर आणि पावसात काही पटींचा फरक, पाव अंशाच्या जाळीला तो घाट नीट दिसतच नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं भारत फोरकास्ट सिस्टम हे मॉडेल मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरवर आलं ते याचसाठी मोलाचं आहे. घाटमाथ्यावर किंवा कोकणात असाल तर आयकॉनची मेहनत घ्याच.

नाशिक, सोलापूर, मराठवाडा असेल तर मी युरोपियन घेईन. तीन ते सात दिवसांत कमी दाबाचा पट्टा कुठे सरकतोय हे मला त्यातच जास्त भरवशाचं वाटलंय. २०१२ च्या सँडी वादळाचं अमेरिकेच्या किनाऱ्याकडे वळणंही याच मॉडेलने जीएफएसच्या कितीतरी आधी दाखवलं होतं. परवाना सीसी-बाय आहे, म्हणजे नाव दिलं की वापरायला मोकळा, तेव्हा मेसेजखाली त्यांचं नाव टाका.

आणि गावात एक पर्जन्यमापक लावा. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, साडेआठ म्हणजे ०३ यूटीसी, तेव्हा युरोपियन किंवा आयकॉनच्या १२ यूटीसीच्या रनमध्ये ३९ व्या तासाच्या आकड्यातून १५ व्या तासाचा वजा केला की रनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ ते तिसऱ्या दिवशी साडेआठचा बरोब्बर आकडा मिळतो, तो वहीत मापकाच्या आकड्याशेजारी लिहीत जा.